तोंडाच्या कॅन्सरचे उपचार संपल्यानंतर: जबडा, लाळ, दात, गिळणं, खांदा

गवतीचहा
आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरमध्ये गालाच्या आतली बाजू आणि खालची हिरडी या जागा फार दिसतात. तंबाखू, गुटखा, सुपारी, मिश्री जिथे धरून ठेवतात तिथेच रोग उगवतो. उपचारांचा क्रमही बराचसा ठरलेला: ऑपरेशनमध्ये गाठ, कधी जबड्याचा भाग आणि मानेतल्या लसिकाग्रंथी काढतात. गरज असेल तर त्यानंतर सहा आठवडे रेडिएशन, बहुधा ३० बैठकांत ६० ग्रे (रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक). काहींना सोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध.

मग फॉलोअप सुरू होतो आणि त्यात सगळं लक्ष 'गाठ परत आली का' यावर असतं. ते असायलाच हवं. पण तोंड किती मिलिमीटर उघडतं हा आकडा केसपेपरवर क्वचित सापडतो. रेडिएशनमुळे आलेलं तोंड दोन-तीन महिन्यांत बरं होतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमकं तेव्हापासून स्नायू आतून कडक व्हायला लागतात. ही प्रक्रिया महिनोन्महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षं चालते. माझं मत असं की दर भेटीत वजन करतात तसं तोंडाचं मापही घ्यावं आणि लिहून ठेवावं.

जाणकारांना दोन प्रश्न. घरी तोंड उघडण्याच्या व्यायामाला नेमकं काय वापरावं? आणि जबड्याखेरीज आणखी काय, किती दिवसांनी तपासून घ्यावं?

तिरकस
मोजपट्टी कशाला? आपलीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालून बघायची. गेली तर ठीक.

पायरीचा_दगड
@तिरकस, तीन बोटांची चाचणी झटपट अंदाजाला चांगली आहे, नोंद ठेवायला नाही. महिन्याभरात ३४ चे २९ मिमी झाले तर बोटांना ते कळत नाही, आणि तेच कळायला हवं असतं. वरच्या आणि खालच्या मधल्या दातांच्या कडांमधलं अंतर ३५ मिमी किंवा त्याहून कमी असेल तर दातखीळ धरतात.

मोजायची रीत: प्लास्टिकची छोटी पट्टी घ्या, पण शून्याची खूण पट्टीच्या टोकापासून दोन-चार मिलिमीटर आत असते, ते टोक आधी कापून टाका. दर वेळी त्याच दोन दातांमध्ये मोजा. सकाळी, व्यायामाच्या आधी. व्यायामानंतर मोजलं की आकडा वाढलेला दिसतो आणि आपणच आपल्याला फसवतो.

आता व्यायाम. जबडा बंद करणारे स्नायू, म्हणजे गालावरचा मॅसेटर आणि आतला टेरिगॉइड, रेडिएशनच्या टप्प्यात येतात आणि आखडतात. त्यात सुपारीमुळे आधीच तोंडात फायब्रोसिस (आतला भाग कडक, तंतुमय होणं) असेल तर सुरुवातच २५ मिमीपासून होते. नुसतं 'आ' करून भागत नाही, बाहेरून ताण द्यावा लागतो.

सगळ्यात स्वस्त साधन आईस्क्रीमच्या लाकडी काड्या. एक काडी साधारण दीड ते दोन मिमी जाड असते. सहज बसतील तेवढ्या काड्यांची चवड मागच्या दातांमध्ये ठेवायची, मग मधोमध एक काडी सरकवायची. ओढ जाणवली पाहिजे, कळ नको. तीस सेकंद धरा, सोडा. असं चार-पाच वेळा, दिवसातून निदान पाच वेळा. जबड्याच्या तयार उपकरणांसोबत 'सात-सात-सात' असं सांगतात: सात ताण, प्रत्येकी सात सेकंद, दिवसातून सात वेळा. कोणतीही रीत घ्या, पण दिवसभरात विभागून करा. सकाळी एकदाच अर्धा तास जोर लावला तर स्नायू सुजतो आणि दुसऱ्या दिवशी माप कमी भरतं.

मध्यमपदलोपी
म्हणजे वीस काड्यांसाठी आधी वीस कुल्फ्या? व्यायाम आवडला. :)

गवतीचहा
स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या हस्तकलेसाठी पन्नासाची पुडी मिळते हो.

दंतमंजन
पुडी घ्या, पण रंगीत काड्या नकोत, रंग तोंडात उतरतो. साध्या घ्या, कडा खरखरीत असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासा. चवडीला टोकाशी चिकटपट्टी गुंडाळली की काडी घशात घसरायची भीती राहत नाही.

एक महत्त्वाची भर. ताण कधीच समोरच्या दोन दातांवर देऊ नका. हाइस्टरचा जबडा-उघडणारा स्क्रू लोक घरी आणतात आणि पुढच्या दातांत अडकवून पिळतात. रेडिएशन झालेल्या हाडातले दात त्याने हलायला लागतात. आणि जबड्याचं हाड कापून प्लेट बसवली असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय कुठलंही उपकरण लावू नका.

सरळवाट
हाइस्टरला इतकं वाईट म्हणू नका. माप फारच कमी झालं की काड्यांची चवड बसवणं अवघड होतं, मग स्क्रूवाली साधनं कामी येतात. फक्त ते फिजिओथेरपिस्ट किंवा दंतवैद्यासमोर शिकून घ्यावं.

पायरीचा_दगड
सहमत. दोन मुद्दे राहिले. व्यायाम कधी सुरू करायचा? जखम भरली आणि सर्जनने होकार दिला की लगेच, रेडिएशन सुरू होण्याआधी. रेडिएशन चालू असताना तोंड सोलवटलेलं असतं, तेव्हा डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घेऊन अर्ध्या तासाने करा, पण बंद करू नका. नंतर मोकळं करण्यापेक्षा तेव्हाच धरून ठेवणं फार सोपं.

दुसरा: माप हळूहळू कमी होत गेलं तर तो बहुधा फायब्रोसिस. दोन-तीन आठवड्यांत एकदम घसरलं, सोबत कानात कळा येत असतील, बधिरपणा वाढला असेल, तर जोर लावत बसू नका. रोग परतला आहे का, जंतुसंसर्ग आहे का, हाड सडतंय का, हे आधी बघावं लागतं. गवतीचहा म्हणतात तसा आकडा लिहून ठेवायचा तो यासाठीच.

निवांत_पार
वाचनखूण साठवली.

रानजाई
लाळेबद्दल कोणी लिहील का? पाण्याची बाटली सतत हातात, तरी रात्री जीभ टाळ्याला चिकटते अशी तक्रार फार ऐकू येते.

दंतमंजन
निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीला सरासरी २६ ग्रेहून जास्त मात्रा मिळाली की ती सावरणं अवघड होतं. आयएमआरटी या नेमक्या जागी मात्रा देणाऱ्या रेडिएशनच्या पद्धतीत या ग्रंथी शक्य तितक्या वाचवतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या पारस्पोर्ट चाचणीत कोरडेपणा त्यामुळे स्पष्टपणे कमी दिसला. पण गाठ गालातच असेल तर त्या बाजूची ग्रंथी वाचवायला मर्यादा येतात.

उपाय साधे आहेत. घोट घोट पाणी. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, त्याने दिवसातून सहा-आठ वेळा चुळा, आणि ते पाणी रोज ताजं करायचं. रात्रीसाठी कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजची (कृत्रिम लाळेची) जेल किंवा स्प्रे. अल्कोहोलचा माउथवॉश नको. पायलोकार्पिनच्या गोळ्यांनी उरलेली ग्रंथी जास्त काम करते, पण फरक कळायला काही आठवडे जातात, घाम फार येतो, आणि आटोक्यात नसलेला दमा किंवा काही प्रकारचा काचबिंदू असेल तर त्या चालत नाहीत. ग्रंथी पूर्ण गेली असेल तर गोळीने काही होत नाही.

आजोबा_नंबर_दोन
लिंबाची फोड चोखली की लाळ सुटते. घरचा उपाय, पैसे शून्य.

दंतमंजन
आजोबा, लिंबाला इथे माझा कडक विरोध आहे. लाळ दातांवरचं आम्ल धुऊन टाकते, आणि इथे लाळच नाही. लिंबू, चिंच, आवळासुपारी, लिमलेटच्या गोळ्या या सगळ्यांनी दात हिरडीजवळच्या मानेवर कुजतात. रेडिएशनची कीड तिथूनच गोल फिरते आणि दात हिरडीपाशी तुटतो. चघळायचंच असेल तर झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगगम, तेही जबडा परवानगी देत असेल तर.

दातांचं मुख्य काम रेडिएशनच्या आधी होतं. वाचणार नाहीत असे दात दोन-तीन आठवडे आधी काढून सॉकेट (दाताची खाच) भरू द्यायचं. नंतर रोज फ्लोराइड: दातांच्या मापाचे मऊ ट्रे बनवून त्यात १.१ टक्के न्यूट्रल सोडियम फ्लोराइडची जेल, पाच ते दहा मिनिटं. थुंकायचं, चूळ भरायची नाही, अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. तोंड उघडत नसेल तर ट्रे जात नाही, तेव्हा तीच जेल लहान मुलांच्या ब्रशने लावा.

आणि हे ठळक करून वाचा: रेडिएशन झालेल्या खालच्या जबड्यातला दात कोपऱ्यावरच्या दवाखान्यात उपटून घेऊ नये. हाडाचा रक्तपुरवठा घटलेला असतो, जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. दहा वर्षांनीही हा धोका संपत नाही. शक्य असेल तर रूट कॅनॉल करून वरचा भाग कापतात आणि मूळ आतच ठेवतात. काढावाच लागला तर रेडिएशनचा गोषवारा सोबत न्या, कुठल्या भागाला किती ग्रे मिळाले ते त्यात असतं. डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्यावा.

तिरकस
ऑक्सिजनच्या बंद टाकीत बसवतात त्या उपचाराने हाड वाचतं म्हणे. जाहिराती बऱ्याच दिसतात.

सरळवाट
दात काढण्याआधी-नंतर सरसकट त्या टाकीत बसवण्याचा फायदा २०१९ च्या होपॉन चाचणीत दिसला नाही. हाड सडायला लागल्यावर काही निवडक रुग्णांत तो ऑपरेशनच्या जोडीने वापरतात. सुरुवातीच्या अवस्थेत पेंटॉक्सिफायलिन आणि ई जीवनसत्त्व अशी जोडी काही तज्ज्ञ देतात. जाहिरात वाचून पॅकेज घेऊ नये एवढं नक्की.

व्यवस्थापन
धागा उपयुक्त आहे. औषधांची नावं माहितीसाठी आहेत, वाचून दुकानातून आणू नयेत.

घोटभर
गिळण्याबद्दल. ठसका लागला तर घरच्यांना कळतं. न लागता अन्न श्वासनलिकेत गेलं तर कुणालाच कळत नाही, कारण रेडिएशननंतर घशाची संवेदनाच बोथट होते. लक्षात ठेवायच्या खुणा: जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येणं, अधूनमधून विनाकारण ताप, पुन्हा पुन्हा छातीत कफ, जेवायला पाऊण तासाहून जास्त लागणं, वजन उतरणं. यातली एकही दिसली तर बेरियम पाजून व्हिडिओ एक्स-रे किंवा नाकातून दुर्बीण घालून गिळण्याची तपासणी करून घ्या. नुसतं बाहेरून बघून हे ठरवता येत नाही.

लोकांची एक समजूत उलटी आहे. पाणी गिळायला सर्वांत सोपं असं वाटतं. प्रत्यक्षात पाणी सर्वांत वेगाने पळतं आणि सुस्त घशाला दार बंद करायला वेळच मिळत नाही. अशांना दाटसर पातळी लागते, ती किती दाट हे गिळण्याचा थेरपिस्ट ठरवतो. आणखी अवघड म्हणजे दोन जातींचं मिश्रण: दुधात कुरमुरे, रश्श्यात फोडी, कलिंगड. द्रव आधी घसरतो, घास मागे राहतो.

व्यायाम: जोर लावून आवंढा गिळणं, जिभेचं टोक दातांत हलकं धरून कोरडं गिळणं (हा तोंडात अन्न असताना कधीच करायचा नाही), गिळताना कंठमणी वर गेला की दोन-तीन सेकंद तिथेच रोखून धरणं. उताणं झोपून खांदे न उचलता फक्त डोकं उचलून पायाची बोटं बघायचा व्यायामही आहे, पण मानेचं ऑपरेशन ताजं असेल किंवा मणक्याचा त्रास असेल तर तो नको.

नाकातली नळी आहे म्हणून तोंडाने सगळं बंद करणं ही मोठी चूक. परवानगी असेल तितके घोट रोज गिळत राहा. वापर थांबला की स्नायू विसरतात.

नाचणी
घोटभर यांच्या प्रतिसादाला स्वयंपाकघरातून पुरवणी. चपाती आणि पाव कोरड्या तोंडात गोळा होऊन टाळ्याला चिकटतात. त्यापेक्षा भाकरी बरी, पण दुधात किंवा आमटीत कुस्करून, पूर्ण भिजून लगदा होईपर्यंत. मऊ भात, मुगाचं वरण आणि वर दोन चमचे तूप हा सर्वांत सुरक्षित घास. नाचणीची आंबील ताकाऐवजी दुधात केली तर झोंबत नाही. सुकी चटणी, मेतकूट, सातूचं कोरडं पीठ, शेंगदाण्याचं कूट वरून भुरभुरू नका, कण श्वासात जातात, कालवून द्या.

सगळंच मिक्सरमधून काढायची घाई करू नये. पातळ केलं की प्रत्येक वाटीत पाणी वाढतं, उष्मांक घटतात, आणि वजन उतरतं. पातळ करायचंच तर पाण्याने नाही, दूध किंवा डाळीच्या कटाने. प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम धरा. साठ किलोच्या माणसाला म्हणजे ७० ते ९०. दोन अंडी आणि अर्धा लिटर दूध मिळून तीसच्या आसपासच होतात, हिशोब करून बघा.

नळीने देताना पाठ निदान ३० ते ४५ अंश वर, देऊन झाल्यावर अर्धा-एक तास तसंच. एका वेळी २००–२५० मिली, गाळून, कोमट. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. नळी बुजते ती बहुतेक न गाळलेल्या पेजेने आणि कुटलेल्या गोळ्यांनी.

आजोबा_नंबर_दोन
चव कधी परत येते हे सांगा. आंबील दुधात म्हणजे शिक्षाच आहे.

नाचणी
बऱ्याच जणांची काही महिन्यांत परतते, पूर्ण येईलच असं नाही. तोवर मिरचीऐवजी जिरं, हिंग, सुंठीचा वास यांवर भागवा, आजोबा.

खांदेपालट
माझ्या आयडीला साजेसा विषय अजून कुणी काढला नाही. टाटा मेमोरियलची २०१५ ची प्रसिद्ध चाचणी: सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. त्यामुळे मानेचं ऑपरेशन टाळा असं कोणी म्हणणार नाही. पण त्याची किंमत खांदा देतो.

मानेतून जाणारी अकरावी कपालतंत्रिका (मेंदूकडून येणारी नस) खांदा उचलणाऱ्या ट्रपेझियस स्नायूला चालवते. ती वाचवली तरी ताणली जाते आणि काही महिने सुस्त राहते. हात बाजूने ९० अंशांच्या वर जात नाही, खांदा पुढे झुकतो, लोंबता हात खाली ओढत राहतो. आठवड्यांत हालचाल सुरू केली नाही तर सांधाच गोठतो, आणि मग तंत्रिका जागी होऊनही उपयोग नाही.

करायचं काय: टेबलावर हात ठेवून पुढे सरकवणं, भिंतीवर बोटांनी वर चढणं, दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे खेचून पाच सेकंद धरणं. दुखणं कमी झालं की रबरी पट्टीने हळूहळू भार. चालताना त्या बाजूचा हात खिशात ठेवा, लोंबू देऊ नका. त्या खांद्यावर पर्स, सॅक, पाण्याचा हंडा नको. छातीचा स्नायू वळवून गालात लावला असेल तर सुरुवातीचे आठवडे सर्जनच्या सूचनेनेच चाला, नाहीतर फ्लॅपची (वळवून लावलेल्या भागाची) देठाची रक्तवाहिनी ताणली जाते.

कानाची पाळी आणि मानेची कातडी बधिर झालेली असते. गरम पाण्याच्या पिशवीने तिथे भाजतं आणि कळत नाही. दाढी वस्तऱ्याऐवजी इलेक्ट्रिक मशीनने.

मध्यमपदलोपी
दाढीवरून आठवलं. छातीची कातडी गालात लावल्यावर तोंडाच्या आत केस उगवतात हे खरं का? सलूनवाल्याला काय सांगायचं?

सरळवाट
खरं आहे, केसाळ छातीच्या पुरुषांत दिसतं. रेडिएशन झालं तर बरेच गळून जातात. राहिले तर अन्न अडकून वास येतो, तेव्हा दवाखान्यात कापून घेतात किंवा लेझर करतात. घरी चिमट्याने उपटू नयेत, फ्लॅप बधिर असतो.

रानजाई
हनुवटीखाली सकाळी पिशवी आल्यासारखी सूज, दुपारपर्यंत कमी. हे काय?

खांदेपालट
लसिकेची सूज. ग्रंथी काढल्याने निचऱ्याची वाट बुजते, आणि आडवं झोपल्यावर पाणी चेहऱ्यात साचतं. उशाकडची बाजू ३० अंश वर घ्या. मसाज करायचा तो तेल लावून रगडायचा नाही. कातडी जेमतेम सरकेल इतका हलका. आधी काखेजवळच्या आणि गळ्याच्या हाडाजवळच्या मोकळ्या वाटा, मग मान, शेवटी चेहरा, आणि दिशा सतत खाली. एकदा शिकून घ्या. लघवी होण्याच्या गोळ्यांनी ही सूज जात नाही. लाल, गरम, दुखरी किंवा कडक लागली तर मसाज बंद आणि डॉक्टर. आवाज बदलला किंवा श्वास घरघरला तर वाट बघू नका, आत स्वरयंत्रालाही सूज येते.

पायरीचा_दगड
मूळ धाग्याचा दुसरा प्रश्न अर्धवट राहिलाय. तपासणीचं कॅलेंडर थोडक्यात:

टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) दर सहा ते बारा महिन्यांनी, मानेला रेडिएशन मिळालेल्या प्रत्येकाची, आयुष्यभर. थकवा, बद्धकोष्ठता, उदासी ही सगळी 'आजारपणामुळे' म्हणून सोडून दिली जातात आणि कारण थायरॉइड निघतं. दंतवैद्य दर तीन ते सहा महिन्यांनी. वजन आणि तोंडाचं माप दर भेटीला. सिस्प्लॅटिन घेतलं असेल तर श्रवणचाचणी. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात आणि ते परत येत नाहीत. टाटाच्याच २०१८ च्या चाचणीत सिस्प्लॅटिनचा दर आठवड्याला लहान डोस घेणाऱ्यांपेक्षा दर तीन आठवड्यांनी मोठा डोस घेणाऱ्यांत रोगावर ताबा अधिक होता, पण दुष्परिणामही जास्त होते, ऐकण्यावरचे धरून. रेडिएशनने मानेतल्या कॅरोटिड धमन्या वर्षांनंतर अरुंद होऊ शकतात, म्हणून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सांभाळा आणि डॉप्लरबद्दल (धमन्यांच्या सोनोग्राफीबद्दल) विचारा.

मान खाली वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखं होणं, रेडिएशननंतर दोन-चार महिन्यांत, हे बहुधा आपोआप जातं. तरी सांगा.

तिरकस
तंबाखू सोडणं कॅलेंडरमध्ये नाही?

पायरीचा_दगड
ते कॅलेंडरच्या आधीच्या पानावर. मिश्रीसकट. आणि सुपारीही, कारण 'तंबाखू सोडली, आता साधी सुपारी' म्हणणाऱ्यांचा जबडा ती सुपारीच आवळत राहते.

गवतीचहा
सर्वांचे आभार. एक शंका: पुढचे-मागचे दातच नसतील तर काड्या कशावर टेकवायच्या? आणि माप कुठून कुठे?

दंतमंजन
नुसत्या हिरडीवर काड्या नकोत, कडेने कातडी फाटते आणि रेडिएशनच्या हिरडीवरची जखम लवकर भरत नाही. काड्यांच्या चवडीला गॉजचे तीन-चार वेढे द्या, किंवा दंतवैद्याकडून हिरडीच्या मापाच्या ॲक्रिलिकच्या पट्ट्या बनवून घ्या, म्हणजे दाब पसरतो. ताण कमी, वेळ जास्त. माप वरच्या हिरडीच्या कडेपासून खालच्या हिरडीच्या कडेपर्यंत, मध्यरेषेवर. हा आकडा दातवाल्यांपेक्षा मोठा येतो, म्हणून ३५ शी तुलना करू नका, स्वतःच्याच मागच्या आकड्याशी करा. आणि कवळी घालून मोजलं की न घालता, ते वहीत शेजारी लिहा.